आधी सीपीके बघितलं का?

चार वर्षांचा मुलगा. चालायला जरा उशिराच लागला, पण आज्जींचं म्हणणं, ‘याचा बाबाही असाच होता.’ पळताना मागे पडतो. जिना चढताना कठडा सोडत नाही. पोटऱ्या मात्र काय मस्त गुबगुबीत, पैलवानासारख्या! प्लेस्कूलची टीचर म्हणते, थोडा लेझी आहे. मग कधीतरी ताप येतो, रक्त तपासतात आणि एसजीपीटी-एसजीओटी आभाळाला भिडलेलं निघतं. म्हणजे लिव्हर! झाली धावपळ सुरू. सोनोग्राफी, काविळीच्या सगळ्या टेस्ट, पोटाचे डॉक्टर, शेजारच्या काकूंनी सांगितलेला झाडपाला. कुणाकुणाची तर थेट लिव्हरची बायोप्सी. रिपोर्ट सगळे नॉर्मल, आकडे मात्र खाली यायला तयार नाहीत.

अशा वेळी ओळखीच्या ओळखीतून कुणीतरी एका बाईंचा फोन नंबर देतं. त्या सगळं ऐकून घेतात आणि एकच विचारतात, ‘आधी सीपीके बघितलं का?’

या बाई डॉक्टर नाहीत. एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसतात. पण असे फोन त्यांना महिन्यातून दोन-तीन तरी येतात. कारण हीच चक्कर त्यांनी स्वतः दीड वर्ष मारलेली आहे.

आजाराचं नाव डूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. सगळे आपले डीएमडीच म्हणतात. १८६० च्या दशकात डूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. साध्या भाषेत फंडा असा : स्नायू आखडतो-सैल होतो तेव्हा त्याच्या पेशीला जो ताण बसतो, तो सोसायला डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन लागतं. ते बनवायची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते माणसातलं सगळ्यात लांबलचक जनुक. एवढ्या लांब कृतीत गडबड व्हायला जागाही भरपूर. गडबड झाली की प्रथिन बनत नाही आणि वापरलेला स्नायू फाटत राहतो. त्या जागी हळूहळू चरबी आणि तंतू भरतात. पोटऱ्या पैलवानासारख्या दिसतात त्या यामुळे. फाटलेल्या स्नायूतून जी एन्झाइम्स रक्तात येतात त्यातली एसजीपीटी-एसजीओटी लिव्हरमध्येही असतात, म्हणून सगळे लिव्हरच्या मागे लागतात. सीपीके मात्र मुख्यतः स्नायूचं. ते साधारण दोनशेच्या आत असावं, तर या मुलांचं दहा-वीस हजारांच्या घरात येतं. त्यानंतरची जनुकाची तपासणीही आता रक्तावरच होते.

हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो, साधारण साडेतीन ते पाच हजारांमागे एकाला. काहीच केलं नाही तर बाराव्या वर्षाच्या आत-बाहेर चालणं थांबतं. मग हात, मग श्वास आणि हृदय. पूर्वी ही मुलं विशी पाहायची नाहीत. आता नीट काळजी मिळालेली अनेक मुलं तिशीत जातात. पूर्ण बरं करणारं औषध आजही नाही. म्हणजे हा सगळा वाढलेला काळ ज्या ‘नीट काळजी’तून आला, ती काय असते आणि कोण शिकवतं, हे बघायला मी पुण्यातल्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये गेले होते. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तिथे अशा मुलांचे आई-बाबा जमतात.

खरं सांगते, जाताना पोटात गोळा होता. रडारड असेल, एकमेकांचे हात धरून बसणं असेल, असं काहीतरी. तिथे तर चक्क भिशी आणि ऑफिसचा स्टेटस रिव्ह्यू यांच्या मधलं काहीतरी चाललेलं. एकीच्या हातात फाइल, एकीच्या हातात भडंगाचा डबा. (मीठ न घातलेलं. त्याचं कारण पुढे येईल.) आणि विषय? सॅटिनची चादर!

म्हणजे असं, की मोठ्या झालेल्या मुलाला रात्री स्वतःची कूस बदलता येत नाही. दर दोन-तीन तासांनी आई किंवा बाबाने उठून बदलायची. वर्षानुवर्षं. सुती चादरीवर अंग अडकतं, सॅटिनवर सरकतं. सॅटिनची चादर आणि तसाच पायजमा घातला तर काही मुलांना थोडंसं स्वतःहून वळता येतं आणि घराला सलग चार तास झोप मिळते. हे कुठल्याही प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं नसतं. जेवणाच्या टेबलावर उलटा पाट ठेवून त्यावर ताट ठेवलं, म्हणजे ताट कोपराच्या उंचीला आलं, की हात वर न उचलता घास तोंडापर्यंत जातो, हेही नसतं. एका बाबांनी हा पाट मोबाइलवर दाखवला तर तीन जणांनी लगेच त्याची मापं लिहून घेतली.

आता मिठाचं. या मुलांना प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट ही स्टेरॉइड्स देतात. त्याने चालणं साधारण दोन-तीन वर्षं जास्त टिकतं. ही मामुली गोष्ट नाही. तिसरीत बंद होणारं चालणं सहावीपर्यंत टिकणं म्हणजे एका मुलाचं अख्खं बालपण आहे. पण स्टेरॉइडमुळे भूक खवळते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, वजन चढतं, हाडं ठिसूळ होतात, चिडचिड वाढते. नव्याने आलेली एक आई हे ऐकून म्हणाली, ‘आमच्या सासूबाई म्हणतात स्टेरॉइड म्हणजे विष, बंद कर.’ तिथे आख्खा हॉल एका सुरात ओरडला, ‘अचानक बंद नाही करायचं!’ शरीर आपलं नैसर्गिक स्टेरॉइड बनवणं थांबवून बसलेलं असतं. एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, गरज पडली तर इंजेक्शनने द्यावं लागतं. बंद करायचं की नाही हा डॉक्टरांशी वाद घालण्याचा विषय, घरच्या घरी निकाल लावण्याचा नव्हे. मग कुणीतरी सासूबाईंनाच पुढच्या वेळी घेऊन यायला सांगितलं. ‘आमच्या सासूबाई बोलतील त्यांच्याशी,’ म्हणाली. हा इलाज मला फारच आवडला.

आणि एक कार्ड. व्हिजिटिंग कार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं, मुलाच्या दप्तरात, आईच्या पर्समध्ये, बाबाच्या पाकिटात. त्यावर लिहिलंय : मला डूशेन आहे, सक्सिनिलकोलीन देऊ नका. भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते हे औषध. या मुलांमध्ये त्याने स्नायू झपाट्याने फुटून रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढू शकतं आणि हृदय बंद पडू शकतं. भुलीचे काही वायूही चालत नाहीत. दाताचं छोटंसं काम असो की हर्नियाचं ऑपरेशन, भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं. कार्डाच्या मागच्या बाजूला आणखी दोन गोष्टी. पडून हाड मोडलं आणि नंतर दम लागायला लागला किंवा मूल असंबद्ध बोलायला लागलं तर चरबीचा कण रक्तातून फुप्फुसात गेलेला असू शकतो, थेट इमर्जन्सी. आणि रक्तातला ऑक्सिजन कमी दिसला की नुसता ऑक्सिजन लावून मोकळं व्हायचं नाही, श्वासाला मशीनचा आधार लागतोय का तेही बघायचं. रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या नवशिक्या डॉक्टरने डीएमडीचा पेशंट कदाचित पुस्तकातच पाहिलेला असतो. आईच्या पर्समधलं ते कार्ड तेव्हा त्यालाही सोडवतं.

हे सगळं जमा कसं झालं, त्याची गोष्ट थोडी जुनी आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात पॅट फर्लाँग नावाच्या बाई होत्या, पेशाने नर्स. १९८४ मध्ये त्यांच्या दोन्ही मुलांना डीएमडी असल्याचं कळलं. तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं जवळपास काही नव्हतं. घरी न्या, प्रेम करा. बाईंनी १९९४ मध्ये इतर आई-बाबांना गोळा करून संस्था काढली. त्यांची दोन्ही मुलं त्यानंतर लवकरच, विशीच्या आत गेली. बाई थांबल्या नाहीत. पालकांच्या अशाच रेट्यातून २००१ मध्ये अमेरिकेत या आजाराच्या संशोधनासाठी कायदा झाला. २०१० मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून डीएमडीच्या काळजीची मार्गदर्शक तत्त्वं छापली, २०१८ मध्ये ती सुधारली, आणि त्यांची घरच्या माणसांना कळेल अशी आवृत्तीही निघाली. २०१४ मध्ये तर पालकांच्या या संस्थेने औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेकडे, डीएमडीची औषधं कशी तपासावीत याचा मसुदाच नेऊन दिला. त्याच वर्षी आई-बाबांना विचारून केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की आयुष्य वाढलं नाही तरी चालेल पण स्नायू खचण्याचा वेग कमी व्हावा, आणि त्यासाठी थोडी जोखीमही पत्करू, असं त्यांचं म्हणणं होतं. हे लॅबमध्ये बसून कुणाला सुचलं नसतं. मुलाला स्वतःचं नाक स्वतः खाजवता येणं म्हणजे काय, ते घरातच कळतं.

आपल्याकडेही हिमाचलात सोलनला अशा पेशंट्सनीच उभी केलेली राष्ट्रीय संघटना आहे, बंगळूरला पालकांनी काढलेली संशोधन संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश झाला. त्यामुळे परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जास्तीची मागता येतात आणि लेखनिकही मिळतो. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र, आणि २०२२ पासून मदतीची मर्यादा पन्नास लाख. कागदावर झकास. पण यूडीआयडी कार्डासाठी कुठला फॉर्म, शाळेला नेमकं काय लिहून द्यायचं, पाचवीचा वर्ग तळमजल्यावर आणायला हेडमास्तरांना कसं पटवायचं, ही विद्या ज्याने ते एकदा करून दाखवलंय त्याच्याकडेच मिळते.

या बाबतीत बाबा मंडळी एक्स्पर्ट. हॉलच्या बाहेर, गाड्यांना टेकून त्यांची वेगळी मीटिंग चालते. आत बायका सगळं बोलून मोकळ्या होतात, बाहेर फक्त लॉजिस्टिक्स. रॅम्प, सेकंडहँड व्हीलचेअर, ऑफिसची मेडिक्लेम, कुठल्या मॅनेजरने वर्क फ्रॉम होम दिलं. तुमच्या फ्लोअरवरही असेल बघा एखादा. सहाच्या ठोक्याला लॅपटॉप बंद करणारा, प्रमोशनबरोबर हैदराबाद मिळालं तर ‘नको’ म्हणणारा, आणि त्यामुळे ‘अ‍ॅम्बिशन नाही रे याला’ असं सर्टिफिकेट मिळालेला. साडेसातला मुलाच्या घोट्यांचं स्ट्रेचिंग असतं. टाचा वर उचलल्या जाऊन पाऊल आखडू नये म्हणून रोज, न चुकता. फिजिओ आठवड्यातून एकदाच परवडतो, बाकीचे सहा दिवस बाबाच फिजिओ.

बाहेरच्या त्या मीटिंगमध्ये एक गृहस्थ फारसे बोलत नव्हते. मग स्टेम सेलचा विषय निघाला. कुणाच्या तरी मोबाइलवर जाहिरात आली होती, ‘चालायला लागलेल्या’ मुलाच्या व्हिडिओसकट. ते म्हणाले, ‘मी केलंय. सोनं मोडून, भावाकडून उसने घेऊन. तीन वेळा. काहीही झालं नाही. तीन महिन्यांनी बरं वाटलं, कारण आम्हाला तसं वाटून घ्यायचं होतं.’ आणि परत गप्प झाले. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल उपचार फक्त संशोधन म्हणून, क्लिनिकल ट्रायलमध्येच द्यायचे असतात. म्हणजे पैसे घेऊन नाहीच. पण तो नियम ऐकून जे झालं नसतं, ते या माणसाच्या चार वाक्यांनी झालं. जाहिरात डिलीट.

माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात महाग वस्तू तीच होती. यशाच्या गोष्टी आपोआप पसरतात. फॉरवर्ड होतात, लाइक मिळतात. फसलेला मात्र गप्प बसतो. पैसे गेले, वर लाज. मग पुढचा त्याच दारात जाऊन उभा राहतो. एखादा पालकगट चांगला की वाईट हे ओळखायची माझी सोपी टेस्ट आता ठरली आहे : तिथे ‘आमचं जमलं नाही’ हे वाक्य किती वेळा ऐकू येतं?

अनुभवाची दुसरी बाजूही तिथेच दिसली. एका मुलाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडेलच असं नाही. जनुकाचा बिघाड प्रत्येकाचा वेगळा. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एटेप्लिर्सेन फक्त एका विशिष्ट जातीच्या बिघाडाला, म्हणजे शंभरातल्या साधारण तेरा मुलांना लागू. २०२३ मध्ये तिथे आलेली जीन थेरपी, एलेव्हिडिस, एका डोसला बत्तीस लाख डॉलर. तिच्यासाठी लोकवर्गणीची आवाहनं तुम्हीही फॉरवर्ड केली असतील. २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा ती घेतल्यानंतर लिव्हर निकामी होऊन मृत्यू झाला आणि अशा मुलांसाठी तिचा पुरवठा थांबवला गेला. म्हणून गटातल्या जुन्या आया डोस कधीच सांगत नाहीत. ‘रिपोर्टवर कुठला एक्सॉन लिहिलाय ते बघ आणि डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचार,’ एवढंच. प्रश्न मात्र कागदावर लिहून देतात. ओपीडीच्या सात मिनिटांत डोकं बंद पडतं, हे त्यांना ठाऊक आहे.

आता जरा अवघड विषय, आणि हा तुमच्या-माझ्या वयाचा. डीएमडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. साधारण दोन-तृतीयांश मुलांमध्ये ते आईकडून आलेलं असतं, उरलेल्या एक-तृतीयांशांत बिघाड नव्यानेच झालेला असतो. आई कॅरिअर असली तर स्वतः बहुधा ठणठणीत असते. पण प्रत्येक वेळी मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगी झाली तर ती कॅरिअर असण्याची शक्यताही निम्मी. मग घरात काय होतं ते सांगायला नको. ‘तुमच्याकडचं आहे हे’ असं ज्यांना ऐकावं लागलं नाही अशी आई मला त्या हॉलमध्ये भेटली नाही.

त्याहून वाईट म्हणजे माहेर गप्प बसतं. कारण धाकट्या बहिणीचं स्थळ बघणं चालू असतं. ‘आत्ता कुणाला सांगू नकोस, तिचं मोडेल.’ बहिणीचं लग्न होतं, तिला मुलगा होतो आणि चार वर्षांनी तोही जिना चढताना कठडा धरतो. हे मी रंगवून सांगत नाहीये. त्या हॉलमध्ये दोन सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मोठी म्हणाली, ‘मी बोलले असते तर...’ धाकटीने तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

म्हणून तिथे नव्या आईला पहिलं काम हेच देतात : बहिणीला, मावशीच्या मुलीला, आपल्या लेकीला वेळ आली की, सांगायचं. कसं सांगायचं याची रिहर्सलसुद्धा होते. एक जण बहीण होते, एक जण तिची होणारी सासू! मुलाचा बिघाड नेमका कुठे आहे हे रिपोर्टवर असलं की मावशीची तपासणी एका रक्ताच्या नमुन्यात होते. ती कॅरिअर निघाली तरी गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून बाळाची तपासणी करता येते. आणि कॅरिअर बाईने स्वतःच्या हृदयाचीही अधूनमधून तपासणी करून घ्यायची, हे तर बऱ्याच जणींना पहिल्यांदा तिथेच कळलं. तुमच्या ताईच्या मुलाचं असं काही चालू असेल आणि घरात तुम्ही आलात की आवाज खाली जात असेल, तर ताईला एकटीला गाठून विचारा. तिला विचारायला कुणीतरी हवंच असतं.

परवा त्या गटातल्याच एका मुलाशी फोनवर बोलले. मुलगा म्हणजे बावीस वर्षांचा बाप्या. मानेपासून खाली फारसं हलत नाही, रात्री मशीनवर श्वास घेतो, दिवसा एका कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. बग शोधायला मिळाले की खूश. मी विचारलं, या मीटिंगमध्ये तू का नव्हतास? म्हणाला, ‘आई-बाबा लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात. मी टेबल असल्यासारखं.’ मग थोडा वेळ मशीनचा आवाज येत राहिला. ‘आणि ते चादरीबद्दल बोलतात ना... रात्री आईला हाक मारायची मला लाज वाटते. अंग दुखतं तरी मी दोनाचे चार वाजू देतो. हे कुणी विचारतच नाही.’

हे मी बँकेतल्या त्या बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा आहे.

पुढच्या मीटिंगला आधी दीड तास मुलं आत, आई-बाबा बाहेर, असं ठरलंय. आत कुणी मोठं थांबणार नाही, लागेल त्या मदतीला दोन कॉलेजची पोरं येणार आहेत. मुलांनी विषयांची यादी आताच पाठवली आहे. पहिला विषय, रात्री किती वाजता उठवायचं ते आम्ही ठरवणार. दुसरा, आयपीएल.